फुग्यावरचा किरण आणि माझा चुकलेला तक्ता

तपासणी खात्यात मी पंचवीस वर्षं काढली. चिंचवडला, स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर असलेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत. कारखान्यात माल बनवणाऱ्यांचं काम मालावर विश्वास ठेवण्याचं असतं आणि तपासणीवाल्यांचं काम तो न ठेवण्याचं. समोर आलेली प्रत्येक वस्तू बिघडलेली आहे असं धरून चालायचं आणि ती बरी आहे हे तिनं सिद्ध करायचं. डाग दिलेला सांधा नखानं ओढून बघायचा, स्क्रू पुन्हा पिळून बघायचा, लिहिलेला आकडा स्वतः मोजून बघायचा. मला हे काम छान जमायचं. घरीसुद्धा मी दुधाचं पातेलं दोनदा उघडून बघते, असं आमचे हे सगळ्यांना सांगायचे.

दिवाळी अंकासाठी लिहा, म्हणून संपादकांचा निरोप आला तेव्हा चांगल्या गोष्टी पुष्कळ आठवल्या. बायकांची पहिली तुकडी कारखान्याच्या शॉपमध्ये उभी राहिली तो दिवस, आमच्या हाताखालून गेलेली वायरलेसची पेटी पहाडावर पाच हिवाळे चालली तो किस्सा. पण त्या गोष्टी माझ्या निरोपसमारंभात सांगून झाल्या आहेत. जी सांगितली नाही ती लिहिते.

आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. माणसं बोलताना अजून मागे वळून बघायची. त्या सुमारास आमच्या कंपनीकडे दिल्लीच्या एका खात्याचं काम आलं. काम असं होतं: दोराला बांधलेला एक मोठा फुगा आकाशात सोडायचा. त्याच्या टोपलीत यंत्रं ठेवायची. ती यंत्रं वरून जे बघतील, जे ऐकतील, ते खाली पाठवायचं, पण वायरलेसनं नाही. वायरलेसचा आवाज चहूकडे पसरतो, कुणीही खुंटी फिरवून ऐकू शकतो. हे पाठवायचं होतं उजेडातून. लेसर नावाचा लाल उजेड, सुतासारखा सरळ जाणारा. तो ज्याच्यावर पडेल त्यालाच ऐकू येणार, शेजारी उभ्या असलेल्याला पत्ताही लागणार नाही.

ऐकायला सोपं वाटतं. लेसरची नळी हातभर लांब काचेची, परदेशातून आलेली, कापसात गुंडाळलेली. बोलण्याच्या चढउताराप्रमाणे तिचा उजेड कमीजास्त व्हायचा. खाली नऊ इंचांचं भिंग, त्याच्या मागे फक्त लाल उजेड आत सोडणारी काच, तिच्या मागे उजेडाची पुन्हा वीज करणारा सेल आणि शेवटी माझ्या कानावरचे हेडफोन. कुतुबमिनारच्या चौपट उंचीवरून निघालेला तो किरण भिंगापाशी पोचेपर्यंत परातीएवढा रुंद व्हायचा. ती परात त्या भिंगावर धरून ठेवायची. फुगा वाऱ्यानं केसभर कलला की परात दहा पावलं बाजूला. म्हणून टोपलीखाली एक लोंबती चौकट आणि दोन छोट्या मोटारी होत्या, आणि त्यांच्या खुंट्या माझ्या डाव्या हाताशी. त्यांची तार फुग्याच्या दोरालगत खाली उतरून माझ्यापर्यंत आलेली होती.

दिल्लीहून पाहणीला आलेल्या एका साहेबांनी ती तार बोटानं उचलून धरली आणि विचारलं, "तार है तो आवाज़ तार से ही क्यों नहीं भेजते?" आमच्या प्रकल्पाचे प्रमुख बापटसाहेब पुढची पंधरा मिनिटं समजावत होते की तार फक्त चाचणीपुरती आहे, पुढे ती जाणार. साहेबांनी मान डोलावली आणि जाताना माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "लेकिन तार से आ तो सकता है ना?" त्यांचा संशय शेवटपर्यंत फिटला नाही.

मला या कामावर घेतलं ते माझ्या कानांमुळे आणि स्वभावामुळे. फुग्याच्या टोपलीत एक टेपरेकॉर्डर ठेवला होता. त्यावर माझ्याच आवाजात शब्दांची यादी होती: विहीर, कुलूप, मिरची, पाऊलवाट, असे दोनशे शब्द. ते आकाशातून खाली यायचे आणि मी जे ऐकू येईल ते लिहायचं. हवा कशी आहे ते त्यावरून कळायचं. सकाळी ऊन चढलं की जमीन तापते, तापलेली हवा वर उठते आणि किरण थरथरायला लागतो. दुपारी डांबरी रस्त्यावर पाणी असल्यासारखं दिसतं ना, तसंच. मग "विहीर" मधला "वि" जायचा, "कुलूप" मधला "लू". दहाच्या पुढे हे रोजचंच. म्हणून आमची खरी चाचणी असायची पहाटे सहा ते दहा, हवा थंड आणि स्थिर असताना.

जागा होती चाकणच्या अलीकडचा एक माळ. तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि चारी बाजूंना शेतं. कंपनीची जीप भोसरी, मोशी करत आम्हाला उजाडायच्या आत तिथं पोचवायची. फुग्याचा दोर सोडायचं आणि गुंडाळायचं यंत्र, म्हणजे विंच, माळाच्या एका टोकाला. माझं भिंग दुसऱ्या टोकाला, किलोमीटरभर लांब एका टेकाडावर, कारण किरण तिरका आला तरी चालतो का ते बघायचं होतं. दोन्हीकडे बोलायला फिरवायच्या हँडलचा फोन होता.

विंचवर दोन माणसं आळीपाळीनं. एक पोतदार, वयानं मोठे, दम्याची तक्रार असलेले. दुसरा सुधाकर गायकवाड. तो पिंपरीचा, आयटीआय झालेला, तिशीच्या आतला. वडील औषधाच्या कारखान्यात कामगार होते. गायकवाड कमी बोलायचा, पण दोर असा सोडायचा की वर टोपली हलतसुद्धा नसे.

गावाला आमचा पहिल्या दिवसापासून संशय. पहाटेच्या अंधुक उजेडात माझ्या टेकाडावरून तो किरण म्हणजे आकाशात टेकवलेला एक लाल ठिपका दिसायचा. एक दिवस ज्ञानोबा म्हणून एक म्हातारे टेकाड चढून आले. त्यांची थोडी जमीन होती आणि पलीकडच्या उतारावर वीटभट्टी.

"काय वो बाई," ते म्हणाले, "वरनं जमीन मोजताय न्हवं?"

"नाही हो बाबा. आवाज पाठवतोय."

"कुणाला?"

"मलाच."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सोताचाच आवाज वर चढवून खाली ऐकताय? त्येच्यापायी येवढा फुगा?" आणि जाता जाता म्हणाले, "भोसरीला बी आधी असंच कायतरी मोजत हुते. मंग कारखाने आले."

मी हसले. आज त्या माळावर काय उभं आहे ते चाकणला गेलेल्या कुणालाही माहीत आहे. पण तेव्हा ते आम्हालाही माहीत नव्हतं.

थंडी पडायला लागली आणि आमच्याकडे विचित्र बिघाड सुरू झाला. सकाळचे सात-साडेसात, हवा गार, पान हलत नाही, शब्द घंटेसारखे स्वच्छ येताहेत आणि एकाएकी उजेड निम्म्यावर. हेडफोनमध्ये खरखर. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. मी खुंट्या फिरवून थकायचे. मग आपोआप सगळं ठीक. वर बघावं तर निळं आकाश. नळी तपासली, बॅटरी तपासली, सेल बदलला. सगळं शाबूत.

नीट चाललेल्या वस्तूचा बिघाड मला सहन होत नाही. मी वही घेतली आणि तक्ता मांडला. उभ्या रकान्यात बिघाडाचे दिवस, आडव्या रकान्यात त्या वेळी कामावर कोण. ऊन चढल्यावरचे बिघाड मी घेतलेच नाहीत, कारण त्यांचं कारण माहीत होतं. न कळणारे तेवढे अकरा राहिले. त्या अकरापैकी नऊ वेळा विंचवर गायकवाड होता.

मी ती बेरीज तीनदा केली. मग मनात जे आलं ते असं: दोराला खाली बारीकसा हिसका दिला तरी वर टोपली डुलणार आणि किरण भिंगावरून जाणार. हे करायला अवजार लागत नाही. विंचच्या ब्रेकवर बोट पुरे.

राहिलेल्या दोन वेळा गायकवाड रजेवर होता आणि पोतदार पहाटे आले होते. त्या दोन खुणांनी मला थांबवायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचा तक्ता असता तर मी त्या दोन खुणांवर बोट ठेवून तो परत पाठवला असता. स्वतःच्या तक्त्याखाली मी लिहिलं, "आधी काही करून ठेवलेले असण्याची शक्यता."

बापटसाहेबांनी तक्ता बघितला. ते विद्वान माणूस, पण भांडणाला घाबरणारे. त्यांनी तो सुरक्षा अधिकारी राणे यांच्याकडे दिला. राणे पूर्वी फौजेत होते. कामगारांना सगळ्यांना ते 'तू' म्हणायचे, पोतदारांना मात्र 'अहो पोतदार'.

"साठेबाई," राणे म्हणाले, "हा पोरगा युनियनच्या सभेला जातो, माहीत आहे का?"

"युनियनच्या सभेला अर्धी कंपनी जाते."

"हो, पण अर्धी कंपनी फुग्याचा दोर धरत नाही. तुम्ही लक्ष ठेवा. तुमच्याकडे दुर्बीण आहे."

दुर्बीण होतीच. भिंगावर नेम धरायला एक छोटी दुर्बीण बसवलेली होती, फुग्याकडे रोखलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिची खिटी सैल केली आणि ती खाली वळवली. एक किलोमीटरवरचा माणूस हातभर अंतरावर आला. त्याच्या स्वेटरची उसवलेली बाही दिसत होती. तोंडातून वाफ निघत होती. आपल्याकडे कुणी बघत नाही असं वाटत असताना माणसाचा चेहरा जसा असतो, तसा तो होता. मला आधी लाज वाटली. मग सवय झाली. चौथ्या दिवशी तर मी फुग्याआधी त्यालाच बघत होते.

आणि बघणाऱ्याला काहीतरी दिसतंच. सातव्या दिवशी बिघाड झाला. मी फोन फिरवून नेहमीसारखं सांगितलं, "गायकवाड, सिग्नल पडला." मग दुर्बिणीला डोळा लावला. त्यानं फोन ठेवला, फुग्याकडे बघितलंसुद्धा नाही. गावाच्या बाजूला तोंड करून उभा राहिला, बोट तोंडात घालून ओलं केलं आणि वर धरलं. मग खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. पाळी सुटल्यावर जीपकडे न येता तो गावाकडे चालत गेला आणि तासाभरानं परत आला. बोट वर धरणं ही मला कुणाला तरी केलेली खूण वाटली. ऐकायला वेडेपणाचं वाटेल, पण दुर्बिणीतून माणूस दिसतो, हवा दिसत नाही.

मी राण्यांना सांगितलं. सगळं, बोटासकट.

त्याच आठवड्यात एकदा गायकवाड जीपमध्ये माझ्या समोर बसला होता. मोशीच्या पुढे आल्यावर म्हणाला, "बाई, ते सकाळचं सिग्नल पडतं ना, त्याबद्दल एक विचारायचं होतं."

मला वाटलं, हा चाचपून बघतोय मला काय माहीत आहे ते. मी म्हटलं, "जे विचारायचं ते बापटसाहेबांना विचारा."

"त्यांना विचारलं. ते म्हणाले, तू दोर सांभाळ."

"मग दोर सांभाळा," मी म्हटलं आणि बाहेर बघायला लागले.

चौकशी चिंचवडला झाली, राण्यांच्या खोलीत. बापटसाहेब, मी, आणि टेबलाच्या पलीकडे उभा गायकवाड. त्याला बसायला कुणी सांगितलं नाही. राण्यांनी त्याच्याकडून काढून घेतलेली वही उघडली.

"ह्या वेळा बिघाडाच्या आहेत. मिनिटाला मिनिट जुळतात. विंचवर बसून तुला कशा कळल्या?"

"बाई फोनवर सांगतात."

राण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खरोखर विसरले होते. बिघाड झाला की फोन करायचा हा माझा रोजचा नियम होता, आणि त्याच्याकडे वेळा आहेत हे मी पुरावा म्हणून धरलं होतं. "हो, फोन करते मी," एवढं मी म्हटलं. हळू म्हटलं.

"आणि प्रत्येक वेळेपुढे हे 'भ' कोण? भोसले? भगत?"

"भट्टी, साहेब. पलीकडच्या उतारावर विटांची भट्टी आहे. ती पेटलेली असली आणि वारा तिकडनं असला की सिग्नल पडतो. मी जाऊन विचारतो भट्टी कधी लावली ते."

"भट्टीचा आणि फुग्याचा काय संबंध?" राणे म्हणाले आणि त्यांनी बापटसाहेबांकडे बघितलं.

बापटसाहेबांनी चष्मा पुसला. "भट्टी मैलभर लांब आहे. धूर वर जातो, विरून जातो. वर बघितलं तर आकाश स्वच्छ असतं."

गायकवाडनं माझ्याकडे बघितलं. चार लोकांत हवेबद्दल रोज लिहिणारी मी एकटीच होते. एक प्रश्न मी विचारायला हवा होता: थंडीत पहाटे धूर वर जातो का? तो प्रश्न माझ्या मनात आलासुद्धा. पण माझा तक्ता टेबलावर होता, माझ्या सहीचा. मी गप्प बसले.

गायकवाडला माळावरून काढून कंपनीच्या स्टोअरमध्ये खोकी उतरवायला लावलं आणि दिल्लीला कळवलं की संशयित व्यक्तीला कामापासून दूर ठेवण्यात आलं आहे. त्यानंतर बारा दिवस तसा एकही बिघाड झाला नाही. राणे मला बघून मान हलवायचे. कँटीनमध्ये लोक म्हणायला लागले, साठेबाईंनी पकडलं. मला बरं वाटत होतं, हे मी लपवत नाही.

तेराव्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी उजेड निम्म्यावर आला.

विंचवर नवा माणूस होता, राण्यांनी स्वतः निवडलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. मी दुर्बीण त्या नव्या माणसाकडे वळवायला गेले आणि माझा हात थांबला. किती माणसं बदलणार आपण?

दुर्बीण तशीच आडवी ठेवून मी ती हळूहळू गावाच्या बाजूनं फिरवली. सूर्य नुकताच वर येत होता आणि उजेड आडवा पडला होता. तेव्हा दिसलं. पलीकडच्या उतारामागून धूर येत होता, पण तो वर जात नव्हता. ताडाच्या शेंड्यांच्या थोडं वर पोचून तो थांबला होता आणि तिथून चादर अंथरावी तसा सपाट पसरत आमच्या माळावर आला होता. पहाटे जमिनीलगतची हवा थंड, वरची त्या मानानं कोमट, त्यामुळे धुराला वर वाट नाही. डोक्यावर सरळ बघितलं तर त्या पातळ थरातून आकाश निळंच दिसायचं. पण आमचा किरण तिरका यायचा आणि त्या थरातून लांबलचक वाट काढत यायचा. इतके दिवस आम्ही सगळे वर बघत होतो. बाजूला बघितलं होतं एकट्यानं.

पाळी संपल्यावर मी चालत भट्टीवर गेले. ज्ञानोबा विटांच्या थराला माती लिंपत होते. मला बघून त्यांनी हात थांबवला.

"काय, जमिनीचं कागद घिऊन आलाय व्हय?"

"नाही बाबा. भट्टी कधी लावली ते विचारायला आले."

"आता तुमी बी इचारायला लागला? तो गायकवाड यायचा की. 'मामा, कवा पेटवली, मामा, कवा इझवली.' मला वाटलं सरकारी माणूस हाय, भट्टी बंद करायला बगतोय. म्हनून मी त्याला दोनदा खोटं सांगितलं." मग जरा थांबून म्हणाले, "त्यो यायचा का बंद झाला?"

मी तारखा विचारल्या. मधले बारा दिवस त्यांनी भट्टी निवू दिली होती आणि विटा उतरवल्या होत्या. तेराव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी नवी भट्टी पेटवली होती.

घरी येऊन मी तक्ता पुन्हा मांडला. या वेळी एक जादा रकाना घातला, पाळीचा. न कळणारे सगळे बिघाड पहाटेच्या पाळीतले होते. आणि पहाटेची पाळी जवळजवळ रोज गायकवाडच करायचा, कारण पोतदारांना थंडीत दमा होतो म्हणून त्यानं आपण होऊन त्यांच्याशी पाळी बदलून घेतली होती. बिघाड त्याच्यामुळे नव्हता, पहाटेमुळे होता आणि पहाट त्यानं दुसऱ्यासाठी अंगावर घेतली होती. तपासणी खात्यात पहिल्या महिन्यात शिकवतात ती ही चूक: दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी होते असं नाही. मी ती चूक नव्या मुलींना शिकवायचे.

आणखी एक प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारला आणि अजूनही विचारते. त्या नऊ खुणांपुढे पोतदारांचं नाव असतं, तर मी इतक्या लवकर बेरीज केली असती का? की आधी बॅटरी पुन्हा तपासली असती? उत्तर मला माहीत आहे. ते चांगलं नाही.

बापटसाहेबांनी नवा तक्ता शांतपणे वाचला.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण साठेबाई, दिल्लीला काय कळवू? की एका वीटभट्टीनं आमचा किरण अडवला? उद्या ते विचारतील, लढाईत धूर नसतो का?"

"मग तसं कळवा. खरं ते."

"खरं आहे हीच तर अडचण आहे."

राणे म्हणाले, "तुमच्या सहीनं गेलेला रिपोर्ट तुम्हीच खोटा ठरवणार? तुमच्यावर येईल ते."

"येऊ दे," मी म्हटलं. शूरपणानं नाही. मला दुसरं काही सुचलं नाही. मी तक्ता, भट्टीच्या तारखा आणि "आधीचा निष्कर्ष चुकीचा होता, चूक माझी आहे" असं लिहून तीन प्रती काढल्या. एक बापटसाहेबांना, एक राण्यांना, एक थेट जनरल मॅनेजरना.

महिन्याभरात मला माळावरून परत कारखान्यात पाठवलं. फुग्याचं काम पुढच्या वर्षी बंद झालं. धूर, धुकं, पाऊस, तापलेली जमीन, यातून उजेड खात्रीनं खाली आणणं तेव्हाच्या साधनांना झेपणारं नव्हतं. गायकवाडची चौकशी "पुराव्याअभावी" बंद केली. निर्दोष असं कुठंही लिहिलं नाही. त्याला विंचवर परत घेतलं नाही, आणि तोपर्यंत त्यानं राजीनामा दिला होता. कळलं की तो पिंपरीच्या बाजारात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसतो.

एका रविवारी सकाळी मी पिंपरीला गेले. पत्ता पोतदारांनी दिला. रेल्वे फाटकापलीकडे पत्र्याच्या घरांची गल्ली, गल्लीच्या मध्यावर एक छोटं बुद्धविहार, त्याच्या पायरीवर रविवारची माणसं बसलेली. गायकवाड दारातच भेटला. मला बघून चेहरा घट्ट झाला.

"कोणी पाठवलं, बाई? राणेसाहेबांनी?"

"कुणी नाही. मी आपणहून आले."

"कशाला?"

मी आत येऊ का म्हणून विचारलं. तो दारातून हलला नाही. मग मी तिथंच उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तक्ता, दुर्बीण, भट्टी, नवा रिपोर्ट. दुर्बिणीचं ऐकताना त्यानं एकदा मान खाली घातली. माझं झाल्यावर म्हणाला, "हे मला कशाला सांगता? मला माहीतच होतं मी काही केलं नाही."

"माफी मागायला आले आहे."

तो म्हणाला, "इथं नको. चला."

त्यानं मला विहाराच्या पायरीपाशी नेलं. पाच-पंचवीस माणसं असतील. त्याचे वडील एका कडेला बसले होते. यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेलेलं, त्यांना कमी ऐकू यायचं. गायकवाड सगळ्यांना म्हणाला, "ह्या आमच्या कंपनीच्या साठेबाई. ह्यांना काही सांगायचंय." मग माझ्याकडे बघून, "कंपनीनं मला माळावरून काढलं तेव्हा इथं सगळ्यांना वाटलं, पोरानं काहीतरी चोरलं. कुणी म्हटलं, देशाचं काहीतरी विकलं. आई पाण्याला जायची बंद झाली, बाई. तर सांगा."

मी म्हटलं, "यांनी काही केलेलं नव्हतं. चूक माझी होती. मी यांच्यावर खोटा संशय घेतला."

वडिलांनी शेजाऱ्याला कोपर लावून विचारलं, "काय म्हणतात त्या?"

शेजारी सांगणार, तेवढ्यात गायकवाडनं हात वर करून त्याला थांबवलं. मी समजले. दोन पावलं पुढे जाऊन त्या म्हाताऱ्यांच्या समोर उभी राहिले आणि पुन्हा म्हटलं, जितक्या मोठ्यानं म्हणता येईल तितक्या मोठ्यानं. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी बायका दारात आल्या. एक चूल टाकून आली होती, हाताला पीठ तसंच.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग मान हलवली. 'बरं' अशी, की 'ऐकलं' अशी, ते मला आजही सांगता येणार नाही.

"येते मी," मी म्हटलं.

"या" असं कुणी म्हणालं नाही. गायकवाड मात्र चपला घालून माझ्याबरोबर निघाला. मला वाटलं, वाट दाखवायला. पण वाट सरळ होती, फाटक समोर दिसत होतं. तो कडेनं न चालता गल्लीच्या अगदी मधून चालला, हळूहळू, प्रत्येक दारावरून, आणि मी त्याच्या शेजारून चालत होते. फाटकाशी पोचल्यावर वळला आणि तसाच, गल्लीच्या मधूनच, ताठ मानेनं परत गेला.